पाठीवरचे वजन उतरवायचे कुठे?

पन्नाशीच्या उंबरठ्यावरील गृहस्थ घरी बारबेल आणतो तेव्हा घरात बहुधा दोन आक्षेप निघतात. पत्नी म्हणते, "या वयात हे कशाला?" महाविद्यालयात जाणारा मुलगा म्हणतो, "बाबा, स्क्वॅटला रॅक लागतो." माझ्या मते पत्नीचा आक्षेप चुकीचा आहे आणि मुलाचा बरोबर. पण पडघ्यासारख्या गावात दहा बाय बाराच्या खोलीत कपाट आणि पलंग ठेवल्यावर रॅकला जागा उरत नाही. बैठकांची गरज मात्र उरतेच.

त्या गरजेविषयी आधी लिहितो. तिशीनंतर आपले स्नायू दर दशकाला साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटतात, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. मांड्यांना त्याची झळ विशेष लागते. आमच्या भागात ही गोष्ट दवाखान्यापेक्षा लग्नाच्या मांडवात अधिक स्पष्ट दिसते. पाटावरची पंगत जवळजवळ संपलीच; सत्यनारायणाच्या पूजेलाही भिंतीलगत खुर्च्यांची रांग लागते आणि तीत साठीच्या आतली मंडळीही बसलेली असतात. "डॉक्टर, खाली बसता येते हो, उठता येत नाही," हे वाक्य मी आठवड्यातून अनेकदा ऐकतो. गुडघे झिजले असावेत, असा त्यांचा समज असतो. पुष्कळांच्या बाबतीत गुडघ्यांपेक्षा मांड्या अधिक दोषी असतात.

आपण स्वतः एक तपासणी करून पाहावी. भिंतीला टेकलेल्या पक्क्या खुर्चीत बसा, हात छातीवर दुमडा आणि आधार न घेता पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसा. यास पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर पायांची ताकद कमी झाल्याचे समजावे; स्नायुक्षयाविषयीच्या युरोपीय तज्ज्ञगटाने हाच निकष मानला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. केवळ सकाळी फिरायला जाण्याने ही गरज भागत नाही.

तेव्हा बैठका हव्यात, याविषयी दुमत नसावे. त्या आपल्याला नव्याही नाहीत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मधले, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मधले. गावोगावच्या तालमी त्याहून जुन्या. पण तालमीतल्या जोर-बैठकांत वजन असते ते आपल्याच देहाचे. दगडी नाल असो वा गोटा, उचलायचे ते जमिनीवरून आणि टाकायचे तेही जमिनीवरच. हात सुटला, तर मोकळी माती ते वजन झेलते.

बारबेल खांद्यांवर घेऊन बैठक मारण्याची रीत येथेच वेगळी होते. तिच्यात वजन खांद्यांच्या उंचीवर सुरू होते आणि तेथेच संपते. बैठक हा मधला भाग झाला. वजन तेथवर न्यायचे कसे आणि पाय थकल्यावर उतरवायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर आपल्या महामार्गावरील कोणताही जुना हमाल देईल. आता गोदामांतून फोर्कलिफ्ट फिरतात. तरीही पाठीवरून पोती वाहण्याचे काम संपलेले नाही. ते एकदा नीट पाहा. हमाल भरलेले पोते जमिनीवरून उचलून एकट्याने पाठीवर घेत नाही. तो ट्रकच्या हौद्याला पाठ लावून किंचित वाकून उभा राहतो आणि वरचा गडी पोते सरकवून त्याच्या पाठीवर देतो. पोते जमिनीवर असेल, तर दोघे दोन बाजूंनी धरून ते चढवतात. उतरवताना तो थप्पीला पाठ करून अंग सोडवून घेतो. ट्रकचा हौदा हा त्याचा रॅक, आणि थप्पी हा दुसरा. ज्याचे पोट वजन वाहण्यावर आहे, तो माणूस या दोन सोयींशिवाय पाठीवर ओझे घेत नाही. आपण मात्र ऑफिसातून आल्यावर, जेवणाआधीच्या अर्ध्या तासात, ते घ्यायला निघतो.

रॅकशिवाय अवजड बैठका मारणारे लोक झालेच नाहीत, असे नव्हे. मिलो स्टाइनबॉर्न हा जर्मन मल्ल बारबेल एका टोकावर उभा करी, त्याच्या शेजारी खाली बसे, तो आडवा कलवून खांद्यांवर घेई आणि उठे. पाचशे पौंडांहून अधिक, म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या पुढचे वजन त्याने अशा रीतीने पेलल्याची नोंद आहे. ही क्लृप्ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते आणि मोबाइलवर तिचे व्हिडिओ पाहायला मिळतात. ते पाहून आपण ती करू नये. तिच्यात कंबर एका बाजूला वाकलेली व पीळ बसलेली असताना सारा भार अंगावर येतो, आणि चाळिशीनंतरच्या मणक्यांमधील चकत्यांना नेमकी हीच स्थिती सोसत नाही.

घरगुती क्लृप्त्या तर याहून वाईट. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या पाठींवर रॉड ठेवणे, पाण्याच्या पिंपांवर ठेवणे, एक टोक खिडकीच्या कठड्यावर टेकवणे, हे सारे मी रुग्णांच्या तोंडून ऐकलेले आहे. वजन घेऊन थकलेला माणूस ते परत ठेवताना नेमके मोजून ठेवू शकत नाही. खुर्ची सरकते आणि रॉड घरंगळतो. पत्नीला एका टोकाला व मुलाला दुसऱ्या टोकाला उभे करणे हाही उपाय नव्हे. एकाने अर्धा क्षण आधी उचलले की रॉड तिरका होतो, घट्ट न बसवलेल्या प्लेट्स एका बाजूने निसटतात आणि दुसरी बाजू धाडकन खाली येते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. स्पर्धेतील मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे बारबेल जमिनीवर पडला तरी रॉडखाली सुमारे वीतभर जागा राहते. घरगुती संचाच्या प्लेट्स लहान असतात. त्या रॉडखाली मान सापडली, तर ती वीतभर जागा नसते.

म्हणून माझा नियम सोपा आहे. जे वजन आपण एकट्याने, झटका न देता, जमिनीवरून छातीशी आणि छातीपासून डोक्यावर नेऊन तसेच सावकाश खाली आणू शकतो, तेवढेच मानेमागे घ्यावे. रॉडचे वजनही त्यात धरावे. बहुतेकांसाठी हा आकडा त्यांच्या अपेक्षेहून पुष्कळ लहान निघेल. ज्यांचा खांदा आखडलेला आहे (आणि मधुमेहींत असे पुष्कळ असतात) त्यांनी मानेमागे रॉड घेण्याचा विचारच सोडावा.

आकडा लहान निघाला म्हणून हिरमुसू नये. वजन वाढवता येत नसेल, तर वेळ वाढवावा. दहा किलोंचे डंबेल, नाहीतर एक प्लेट, दोन्ही हातांनी छातीशी कवटाळा. चार अंक मोजत खाली जा, तळाशी दोन अंक थांबा, मग उठा. अशा आठ बैठकांनंतर जिना उतरताना मांड्या थरथरतात की नाही, ते पाहा. या प्रकाराचा मोठा गुण असा, की थकलात तर वजन पुढे, पायांपासून दूर, चटईवर ठेवता येते; अंगावर काही राहत नाही. हे सोपे वाटू लागले, की एक पाय पुढे व एक मागे ठेवून बैठक मारावी. बहुतेक भार पुढच्या पायावर येतो आणि तेच डंबेल भारी वाटू लागते. बारबेल वापरायचाच असेल, तर तो जमिनीवरून मांड्यांपर्यंत उचलून पुन्हा जमिनीवर ठेवावा. यास डेडलिफ्ट म्हणतात. पाठ सरळ ठेवून, कंबरेऐवजी खुब्यातून वाकण्याची रीत मात्र आधी रिकाम्या रॉडवर, जाणत्या माणसाच्या नजरेखाली शिकून घ्यावी. गुडघे दुखत असतील, तर खुर्चीला नितंब लागतील इतकेच खाली जावे. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या तर काळजी नको. सांधा सुजला, किंवा कळ पोटरीच्या खाली उतरू लागली, की थांबून दाखवावे.

आता रक्तदाबाविषयी. १९८५ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून अवजड व्यायाम चालू असतानाचा रक्तदाब मोजण्यात आला. दोन्ही पायांनी वजन रेटताना त्यांचा सरासरी उच्चांक ३२०/२५० इतका भरला. ती माणसे तरुण व निरोगी होती आणि तो क्षणभराचा उच्चांक होता. अवजड भार आणि रोखलेला श्वास एकत्र आले की असे घडते. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला, आणि त्यांतील अनेकांना तो ठाऊक नसतो. तेव्हा व्यायाम सुरू करण्याआधी रक्तदाब मोजावा. १८०/११० च्या वर असेल, तर आधी औषध, मग वजन. उठताना श्वास सोडावा. मोठ्याने अंक मोजले की श्वास आपोआप सुटतो. मधुमेहींनी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असतील, तर जोर लावल्याने डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. छातीत दडपण येणाऱ्यांनी व हर्निया असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय वजनास हात लावू नये.

एवढे करून सहा महिन्यांत आपली प्रगती झाली आणि मानेमागे अधिक वजन घ्यावेसे वाटू लागले, तर मुलाचे ऐकावे व स्टँड घ्यावा, अथवा जवळच्या व्यायामशाळेत नाव घालावे. स्टँड घेताना त्याला खालच्या बाजूस, बैठकीच्या तळाच्या जरा खाली, रॉड अडवणारे आडवे दांडे आहेत ना, हे पाहावे. आपल्या रॉडची लांबीही मोजून न्यावी. घरगुती रॉड बहुधा आखूड असतो आणि स्टँडच्या दोन खांबांमध्ये तो बसतच नाही.