फोन काढून घेणार नाही

मे महिन्यात केळशीला गेलो की मोहल्ल्यात माझं एक काम ठरलेलं असतं. ओटीवर टेकतो न टेकतो तोच कोणाची तरी अम्मी पोराचा फोन घेऊन येते. "तू कॉम्प्युटरवाला, याला काहीतरी लॉक टाकून दे." मी टाकून देतो. चार दिवसांत पोरं ते काढतात, हेही मला ठाऊक असतं.

गेल्या मे महिन्यात माझा चौदा वर्षांचा भाचा माझ्याबरोबर वाळूच्या टेकडीकडे चालत आला आणि म्हणाला, "मामू, नेटवरचा फोटो कायमचा काढता येतो का?" मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एका खेळाच्या चॅटमध्ये 'मुलीशी' ओळख झाली होती, त्यानंतर व्हिडिओ कॉल, त्यानंतर एक फोटो, आणि दुसऱ्या दिवसापासून धमकी. ईदीचे दोन हजार रुपये त्याने आईच्या यूपीआयवरून पाठवून टाकले होते. अकरा दिवस तो हे एकटा सोसत होता, आणि आम्ही म्हणत होतो की पोरगा आंबेसुद्धा खात नाही, उन्हाचा त्रास असेल.

आईला का नाही सांगितलंस? तर आईने बजावलं होतं, आता एक जरी तक्रार आली तर फोन जप्त. त्याचे अब्बा कुवेतला. रात्री साडेनऊला, तिकडे सात वाजलेले असताना, त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत फोन ही चैनीची वस्तू नाही, बाप त्या फोनमध्येच राहतो. तो काढून घेण्याची धमकी आपण सहज देतो आणि पोरगं त्यातून एकच गोष्ट शिकतं, की संकट आलं तर गप्प बसायचं.

माझ्या धंद्यात एक रीत आहे. रात्री सिस्टिम बंद पडली तर सकाळच्या बैठकीत 'कोणी केलं' हा प्रश्न विचारायचा नाही, 'काय झालं' एवढंच विचारायचं. हा काही मोठेपणा नव्हे. नाव शोधायला लागलं की पुढच्या वेळी माणसं चूक लपवतात आणि बिघाड दुप्पट होतो. घरात आपण नेमकं उलटं करतो. मुलींच्या बाबतीत तर विचारूच नका. मुलाचा फोन महिनाभर जातो, मुलीचा गेला की मागोमाग तिचं कॉलेजही जातं. म्हणून ती शेवटपर्यंत सांगत नाही.

तेव्हा घरात सगळ्यात जास्त शिकलेले जे तुम्ही, दादा असा की आपा, या सुट्टीत धाकट्यांना एक वाक्य स्पष्ट सांगा: काहीही झालं तरी फोन काढून घेणार नाही. आणि ते आई-वडिलांकडूनही वदवून घ्या.

पुढची कामं सोपी आहेत, फक्त ताबडतोब करावी लागतात. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन, कारण वेळेत कळलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. धमकी देणाऱ्याचं प्रोफाइल आणि चॅट यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे, मगच ब्लॉक करायचं. आणखी पैसे अजिबात द्यायचे नाहीत. मुलाचा फोटो 'पुरावा' म्हणून खालाच्या ग्रुपवर टाकायचा नाही, तो पुढे पाठवणं हाच आयटी कायद्याने गुन्हा आहे. अठरा वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, फोनमध्येच त्याचा एक आकडी ठसा तयार होतो, आणि तोच सहभागी कंपन्यांकडे जातो.

"पोलिसात गेलं तर इज्जत जाईल" हे ऐकून घ्यावं लागतंच. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलाची ओळख माध्यमांत उघड करायला मनाई आहे. जबाब मुलाच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, तोही गणवेश न घालता. जुम्म्याच्या बयानात दहा मिनिटं यासाठी मिळाली तर निम्म्या घरांची भीती जाईल. आमच्या जमातीकडे मी ती मागितली आहेत.

लॉकबद्दल एवढंच सांगतो, की जन्मतारीख तपासा. इन्स्टाग्रामने भारतात फेब्रुवारी २०२५ पासून अठराखालच्यांची खाती आपोआप खासगी करायला सुरुवात केली. पण दहाव्या वर्षी ज्याने वय अठरा लिहिलं, त्याला यंत्र मोठा माणूसच समजतं.

स्टेटसबद्दलही बोला. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात स्टेटसवरून बंद आणि दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. ते स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलं होती. स्टेटस चोवीस तासांत जातं, गुन्ह्याची नोंद जात नाही, आणि आपल्या पोरांच्या बाबतीत 'लहान आहे, चुकलं' असं म्हणणारे फार भेटत नाहीत.

फोन बाजूला ठेवून पोरं बाहेर पडली की समुद्र आहेच. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. केळशीची पोरं खाडीच्या तोंडाशी ओहोटीत उतरत नाहीत, मुंबईहून आलेली उतरतात. आमचे नाना चाँद पाहून सांगायचे, महिन्याची पहिली आणि चौदावी-पंधरावी तारीख म्हणजे उधाण. घरात हिजरी कॅलेंडर टांगलेलं असतं, त्यावर एवढं तरी दाखवा.

आणि सुट्टीत पाहुण्यांनी घर भरलं की दहा मुलं एका खोलीत झोपतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात, की मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. कोण कुठे झोपतं हे पाहणं म्हणजे नातेवाइकांवर संशय घेणं नव्हे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

भाच्याची तक्रार आम्ही त्याच संध्याकाळी नोंदवली. बहिणीला मीच सांगितलं, ती रडली, फोन मात्र तिने त्याच्याच हातात ठेवला. साडेनऊला कुवेतहून कॉल आला तेव्हा आम्ही ओटीवर येऊन बसलो. अब्बांना सांगायचं की नाही, ते त्याच्यावर सोडलं होतं. त्याने त्या रात्री शाळेबद्दल आणि आंब्यांबद्दल बोलून फोन ठेवला. जूनमध्ये मात्र एकदा त्याने स्वतःहून विचारलं, "मामू, तू बरोबर बसशील का?"