‘नंबर’ला ‘क्रमांक’ पुरेल काय?

इंग्रजी हा आपल्यापैकी पुष्कळांना धास्ती घालणारा विषय. परंतु एक इंग्रजी शब्द असा आहे, की जो शाळेची पायरी न चढलेली आजीदेखील दिवसातून दहा वेळा अचूक वापरते. तो शब्द म्हणजे ‘नंबर’. शब्दकोशातून शिकलेले आपण त्याचा एकच अर्थ सांगतो : संख्या, किंवा फार तर क्रमांक. आजीला मात्र त्याचे निदान सहा अर्थ ठाऊक असतात!

पाहा ना. दवाखान्यात ती ‘नंबर लावते’, म्हणजे आपली पाळी राखते. नातवाचा ‘नंबर आला’ म्हणते, तेव्हा तो वर्गात वर आला असे तिला सांगायचे असते. ‘चष्म्याचा नंबर वाढला’ यात काचेची ताकद आहे. ‘अमक्याचा नंबर दे’ म्हणजे टेलिफोनचा. ‘भात एक नंबर झालाय’ यात तर मोजणीचा संबंधच नाही, ती नुसती वाखाणणी. आणि ‘त्याचा पैसा दोन नंबरचा’ म्हणजे काय, हे फोड करून सांगायला नको. एक वही साहेबाला दाखवायची आणि दुसरी पेटीत दडवायची, त्या दुसऱ्या वहीतला तो पैसा. बालवाडीतील मुले बोट वर करून बाईंना जे नंबर सांगतात, त्यांचा विस्तार येथे नको!

आता इंग्रजांकडे वळू. त्यांच्याकडेही हा शब्द बहुरूपी आहे. व्याकरणात नंबर म्हणजे वचन. नाटकातील गाणे हाही एक नंबर आणि मासिकाचा अंक हाही नंबर. ‘बॅक नंबर’ म्हणजे जुना अंक, आणि थट्टेने, काळाच्या मागे पडलेला माणूस. बायबलातील ‘नंबर्स’ या पुस्तकाचे मराठी नाव ‘गणना’ असे आहे. गंमत अशी, की आपल्याकडे ‘तुझा नंबर आला’ म्हटले की माणूस हर्षाने उठतो. पण ‘युवर नंबर इज अप’ असे इंग्रजाला सांगितले, तर तो मृत्युपत्राचा विचार करू लागेल! शब्द एक, परंतु एका घरी तो शुभवार्ता आणतो आणि दुसऱ्या घरी यमाचे बोलावणे. म्हणून मी म्हणतो, की आपला ‘नंबर’ हा आता इंग्रजी शब्द उरलेलाच नाही. तो मराठीत येऊन नव्याने संसाराला लागला आहे.

येथे भाषाशुद्धीचे अभिमानी विचारतील, की ‘क्रमांक’ हा सुंदर शब्द असताना या परक्याचे लाड कशासाठी? प्रश्न क्षुल्लक नाही आणि त्यामागची परंपराही थोर आहे. आपल्या समोरच्या राजगडावरून ज्यांनी राज्यकारभार केला, त्या शिवछत्रपतींनीच पुढे रघुनाथ पंडितांकडून ‘राजव्यवहारकोश’ करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिनांक’ असे शब्द रूढ केले. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु अनुभव काय सांगतो? ‘दिनांक’ टिकला, कारण जुन्या शब्दाचे काम त्याने तंतोतंत केले. जमीन, हद्द, अर्ज, वारस हे शब्द मात्र राजव्यवहारकोशानंतरही जिभेवरून हलले नाहीत. ‘क्रमांक’ रांगेतील स्थान सांगतो, एवढेच. ‘चष्म्याचा क्रमांक’ ऐकून हसू येते, आणि ‘दोन क्रमांकाचा पैसा’ म्हटले तर चोरसुद्धा सभ्य वाटू लागतो! शिवाय परकेपणाचाच निकष लावायचा, तर इंग्रजांनी तरी हा शब्द कोठून आणला? तो त्यांना फ्रेंचांकडून मिळाला आणि फ्रेंचांना लॅटिनमधून.

परंतु माझा मुद्दा केवळ गमतीचा नाही. आपल्या मुलखात या शब्दावर माणसांची पोटे अवलंबून आहेत. पूर्वी शेताला नाव असे. फणसाचे खाचर, ओढ्याकाठची पट्टी, देवाचा माळ. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली, तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली, आणि शेताच्या नावाच्या जागी ‘सर्व्हे नंबर’ आला. १९४७ च्या कायद्याने तुकडेबंदी व एकत्रीकरण आले आणि त्यातून ‘गट नंबर’ निघाला. ज्या कागदाला आपण ‘सातबारा’ म्हणतो, ते नावसुद्धा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन नंबरांचेच! २०२४ साली मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास मान्यता दिली. तालुक्याचे नाव बदलू शकते, परंतु गट नंबर चुकला तर शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, आणि ती अलंकारिक अर्थाने नव्हे. कागदावर ‘भूमापन क्रमांक’ असे छापलेले असते आणि समोर उभा असलेला म्हातारा ‘माझा नंबर कुठला?’ असे विचारतो. त्या दोघांमध्ये एक दुभाषी लागावा, ही शुद्ध मराठीची शोभा आहे काय?

या शब्दाची दुसरी बाजू मला त्याहून मोलाची वाटते. नंबर माणसाला समान करतो. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवर आपण नाव लिहीत नाही, नंबर लिहितो. तपासणाऱ्याला ना आपले आडनाव कळते ना गाव. उन्हाळ्यात टँकरपुढे हंड्यांची रांग लागते, तेव्हा हंडा पाटलाचा की मजुराचा, हे पाहायचे नसते. ज्याचा नंबर आधी, त्याला पाणी आधी. ‘वशिला’ या शब्दाला आपल्या समाजाने दिलेले रोखठोक उत्तर म्हणजे ‘नंबर’. म्हणूनच ‘मध्ये घुसू नका, नंबरात या’ असे एखादी बाई ठणकावते, तेव्हा ती बिघडलेली मराठी बोलत नसून नागरिकशास्त्र बोलत असते.

याचा अर्थ या पाहुण्याला सारे घर मोकळे सोडावे असा नाही. ‘पाळी’, ‘आकडा’, ‘संख्या’, ‘वचन’ हे आपले शब्द त्याच्या पायी उपाशी राहू नयेत. ‘गर्दीचा नंबर किती होता?’ असे कोणी विचारू लागला, तर तो आळस समजावा. आणखी एक भय आहे. धरणाखाली गेलेल्या गावांतील माणसे कागदोपत्री नुसते नंबर होऊन बसतात, फणसाचे खाचर कोणाच्याही रकान्यात मावत नाही. नंबर न्याय देतो, तसा तो माणूस पुसूनही टाकतो. दोन्ही अर्थ ओळखायला हवेत.

तेव्हा मित्रहो, माझे मत थोडक्यात असे. ज्या शब्दाने मराठीत येऊन नवा अर्थ कमावला, तो आपला. ज्याने नुसती आपल्या शब्दाची जागा बळकावली, तो परका. ही पारख कोश करणार नाही, ती आपण भाषेच्या विद्यार्थ्यांनीच केली पाहिजे. आणि सुट्टीत घरी गेल्यावर एखाद्या वृद्धाने सातबारा पुढे केला, तर त्याला ‘क्रमांक’ शिकवू नका. त्याला त्याचा नंबर वाचून दाखवा, आणि त्या शेताचे जुने नाव त्याच्याकडून विचारून, वहीत लिहून ठेवा.