जुन्या गाडीची परीक्षा तरी घ्या

वसमत किंवा कळमनुरीच्या गॅरेजात जुन्या पिकअपचा टप कापून, दणकट इंजिन बसवून ‘हॉट रॉड’ करणं मिस्त्रींना जमेलही. अडतं ते कायद्यापाशी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचना बदलू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. 2021 च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी दिली, पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. सुरक्षेचा आक्षेप रास्तच आहे: वाढलेल्या ताकदीला जुने ड्रम ब्रेक पुरत नाहीत. मात्र त्यावर सरसकट बंदी हा आळशी उपाय झाला. ब्रिटनमध्ये अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. आपल्याकडच्या एमएच 38 पासिंगच्या गाडीचेही ब्रेक, स्टिअरिंग, धूर तपासा. नापास झाली तर खुशाल भंगारात काढा.