‘येवा’ म्हणायचे कोणाला?

‘येवा, कोकण आपलाच असा’ ही पाटी आता कोकणात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची झाली आहे. गेल्या जानेवारीत सुट्ट्यांची गर्दी ओसरल्यावर आम्ही चार मित्र पाठीवर सॅक अडकवून या पाटीवर विश्वास ठेवून निघालो. मुंबईहून रेल्वेने चिपळूण, तिथून एस्टीने गुहागर आणि मग वेळणेश्वर, जयगड, मालगुंड, रत्नागिरी, कुणकेश्वर करीत मालवण. परत यायचे कुडाळहून. आठवडाभर हाती गाडी नव्हती, आगाऊ नोंदणी नव्हती. होती ती एक हिशेबाची वही. आमच्यातला एकजण बँकेत आयुष्य काढलेला, त्यामुळे चहाचे पैसेही तिच्यात लिहिले जात.

पहिल्या दिवसापासून एक गोष्ट जाणवली. घरगुती निवासाच्या दारात गेले की स्वागताआधी प्रश्न येई, ‘गाडी कुठे लावलीत?’ देवगड तालुक्यात तोच प्रश्न मालवणीतून आला, ‘तुमची गाडी खंय?’ गाडी नाही म्हटल्यावर समोरच्या चेहऱ्यावर संशय नव्हे, काळजी दिसे. ‘मग उद्या जाणार कसे?’ तावसाळहून फेरीबोटीने जयगडची खाडी ओलांडली, तेव्हा या काळजीचा अर्थ कळला. बोट पलीकडे पोचली, मोटारी भुर्रकन निघून गेल्या आणि धक्क्यावर उरलो आम्ही चौघे, एक कोळीण आणि तिची टोपली. पुढची गाडी कधीची याची चौकशी आधी केली नव्हती, ही चूक आमचीच. कोळणीला मात्र सारे पाठ होते. तिला ते पाठ असावेच लागते. ती रोज असाच प्रवास करते.

कोकणच्या पर्यटनाची चर्चा नेमकी इथेच चुकते, असे मला वाटते. नव्वदच्या दशकात ‘कोकणाचा कॅलिफोर्निया’ ही घोषणा प्रत्येक व्यासपीठावर होती. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून तपाहून अधिक काळ रेंगाळले. आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर मोठे पूल बांधण्याचे काम हाती घेतले आहे. हे सगळे हवेच. पण या यादीतून डोळ्यांसमोर उभा राहतो तो पाहुणा मोटारीतून किंवा विमानातून येणारा आहे. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गातून उतरून ‘मालवणची एस्टी कुठे लागते?’ असे विचारणारा त्यात कुठेच नाही. कुडाळ स्थानकापासून मालवण तीसएक किलोमीटर, चिपळूणहून गुहागर पंचेचाळीसएक. रेल्वे आली, पण समुद्र स्थानकापासून तेवढाच दूर राहिला.

स्वस्तात फिरणाऱ्या पर्यटकाचे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. शेजारच्या गोव्यातही खर्चिक पाहुण्याच्या बाजूनेच बोलले जाते. किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्यांना दोन हजार रुपये दंडाची तरतूद तिथे २०१९ मध्ये झाली. त्यामागचा वैताग खोटा नाही. बाटल्या, पत्रावळ्या आणि वाळूत रुतलेल्या मोटारी आम्हीही पाहिल्या. पण दुपारी येऊन संध्याकाळी कचरा टाकून जाणारा आणि गावात राहून गावचे जेवणारा, हे दोघे वेगळे आहेत. दोघांनाही ‘स्वस्तातले पर्यटक’ म्हटले की विचारच खुंटतो.

आमची वही काय सांगते ते पाहा. सात दिवसांत चौघांचे मिळून सुमारे २७ हजार रुपये खर्च झाले. त्यांतले पाच हजार रेल्वे, एस्टी, बोट आणि रिक्षाचे. सहा रात्रींच्या मुक्कामाचे नऊ हजार, जेवणा-न्याहारीचे दहा हजार, उरलेले तीन हजार सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत, आमसुलांत आणि काजूत गेले. म्हणजे २२ हजार रुपये थेट गावातल्या माणसांच्या हाती पडले आणि बहुतेक वेळा तो हात घरातल्या बाईचा होता. बांगडा गावच्याच बाजारातला, नारळ परसातला, घावन चुलीवरचे. मोठ्या हॉटेलात आम्ही कदाचित दोन दिवसांत एवढे उधळले असते. पण त्यांतले गावात किती राहिले असते? मालक बाहेरचा, व्यवस्थापक बाहेरचा. गावातल्या मुलाच्या वाट्याला बहुधा पहारेकऱ्याचा गणवेश. ज्या कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरवर दिवस काढले, त्याला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

कायद्याला तो काही अंशी समजला आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा बांधकामासाठी वर्ज्य ठरवला. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत तो ५० मीटरवर आणला, तेव्हा मोठ्या बांधकामांना वाट मोकळी झाल्याची टीका झाली. त्याच अधिसूचनेत आणखी एक तरतूद आहे. घराचे जोते आणि दर्शनी रूप न बदलता स्थानिकांना, मच्छीमारांनाही, घरगुती निवास चालवता येतो. पण नुसत्या परवानगीने पाहुणा दारात येत नाही. त्याला आणायला गाडी लागते. २०२१-२२ च्या संपात जवळजवळ साडेपाच महिने एस्टी विस्कळीत होती, तेव्हा खेड्यांना तिचे मोल कळले. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. पण तिकिटाचा उपयोग गाडी असेल तरच.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे जलदुर्ग आहेत. गर्दी वाढणार, हे उघड आहे. ती मोटारींची असावी की माणसांची, हे ठरवण्याची वेळ आत्ताच आहे. त्यासाठी शेकडो कोटी लागत नाहीत. रेल्वेच्या वेळेला जुळणारी एस्टी, प्रत्येक धक्क्यावर लिहिलेले वेळापत्रक, किनाऱ्याजवळ एक स्वच्छ स्वच्छतागृह आणि घरगुती निवासांची सोपी नोंदणी, एवढे झाले तरी पुष्कळ. यातल्या पहिल्या दोन गोष्टींचा फायदा त्या कोळणीलाही होईल, आणि तो पर्यटकाच्या फायद्यापेक्षा मोठा असेल.

मालवणहून निघताना काकूंनी पैसे मोजून घेतले, सॅकमध्ये सोलांची पुडी कोंबली आणि म्हणाल्या, ‘परत येवा. गाडी नसली तरी चलात, पण दोन दिस तरी रवा.’ मग आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आल्या आणि एस्टी दिसेपर्यंत उभ्या राहिल्या.