भाजणी, फोटो आणि अभ्यास

मार्केटिंगमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसायला सांगितलं की तो दुखावतो. पण या धंद्यातली हत्यारं आता गंजायच्या आत बदलतात. १ जुलै २०२३पासून गूगलच्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सने नवी नोंद घेणं थांबवलं आणि वेबसाइटवर कोण आलं, कुठून आलं हे मोजण्याची हातात बसलेली पद्धत बाद झाली. त्याच्या जागी आलेलं गूगल ॲनालिटिक्स ४, म्हणजे जीए-फोर, नव्याने शिकावं लागलं. ते शिकायला गूगलचंच स्किलशॉप फुकट आहे. तिथलं गूगल ॲड्सचं प्रमाणपत्र वर्षभरच चालतं, पुढे परीक्षा पुन्हा. मला हे अगदी योग्य वाटतं. सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरही शिकणं मोफत, प्रमाणपत्र हवं तर परीक्षेचं शुल्क. मात्र नुसते व्हिडिओ बघून काही होत नाही. आमच्या शेजारच्या काकू थालीपिठाची भाजणी विकतात. मोबाइलवर धडे बघून त्यांनी व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग लावला. भाजणीचं पाकीट खिडकीच्या उजेडात ठेवलं, शेजारी मधोमध भोक पाडलेलं खरपूस थालीपीठ, त्यावर लोण्याचा गोळा, आणि मग फोटो काढला. खाली वजन, किंमत, दळल्याची तारीख. ‘भाव काय?’ असं विचारणारे फोन कमी झाले, थेट ऑर्डरी येऊ लागल्या. धडा संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी तो वापरला होता. तुम्हीही एकच अभ्यासक्रम निवडा, रोज अर्धा तास द्या आणि शिकलेलं त्याच आठवड्यात आपल्या मालावर करून बघा.