अभ्यासक्रम ‘पूर्ण’ झाला म्हणजे काय झाले?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात कामगाराचे शिक्षण आता हळूहळू मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसले आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून किंवा थेट बिहारमधून आलेला तरुण कारखान्याच्या दारात उभा राहतो, तेव्हा यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याला अनेक ठिकाणी सुरक्षिततेविषयीची एखादी चित्रफीत दाखविण्यात येते, चार-दोन प्रश्न विचारण्यात येतात आणि त्याच्या नावापुढे ‘पूर्ण’ अशी नोंद होते. या शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न वरवर पाहता कोशकारांचा वाटेल. वस्तुतः तो कामगाराच्या बोटांचा प्रश्न आहे. वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत प्रेस मशीनखाली हात सापडण्याचे अपघात घडतात. अशा अपघातानंतर ‘या माणसाला शिकविले होते काय?’ असे कोणी विचारलेच, तर उत्तरादाखल पुढे करता येण्याजोगा कागद म्हणजे हाच ‘पूर्ण’चा दाखला होय.

या भागाला प्रशिक्षणाची परंपरा नाही, असे कोणी म्हणणार नाही. शिकाऊ उमेदवारांसंबंधीचा कायदा १९६१ साली झाला आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतरच्या काळात टेल्कोचा पुणे प्रकल्प उभा राहिला, तेव्हा सुमंत मुळगावकर यांनी शिकाऊ मुलांच्या प्रशिक्षणाला यंत्रसामग्रीइतकेच महत्त्व दिले होते. त्या पद्धतीत शिकणे आणि शिकल्याची खात्री होणे या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. कानशीने घासलेला ठोकळा गुण्याला लावला की काम जमले की नाही, हे शिकणाऱ्याला आणि फोरमनला एकाच क्षणी कळत असे. दाखला त्यानंतर मिळे.

परंतु तो काळ आता राहिलेला नाही. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ साली सुरू झाला. फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्र हे २००९-१०च्या सुमारास तेथे आले. त्यांच्या भोवती सुटे भाग पुरविणाऱ्या असंख्य लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे पसरले. थोड्या महिन्यांच्या मुदतीवर येणाऱ्या आणि जाणाऱ्या कंत्राटी कामगारांची संख्या इतकी मोठी की, प्रत्येकाच्या शेजारी फोरमन उभा करणे अशक्य होऊन बसले. अशा स्थितीत ऑनलाइन शिक्षणाला केवळ नाके मुरडून भागणार नाही. ज्याला महाविद्यालयाचे दार बंद होते त्याच्यापर्यंत शिक्षण दूरवरूनही नीट पोहोचू शकते, हे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने दाखवून दिले आहे. प्रश्न साधनाचा नाही; त्या साधनाबरोबर जी परिभाषा आली, ती न तपासता स्वीकारली जात आहे, हा आहे.

उदाहरणार्थ, ‘सिंक्रोनस’ आणि ‘असिंक्रोनस’ ही जोडी घ्यावी. पहिल्या प्रकारात शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी उपस्थित असतात. दुसऱ्यात विद्यार्थी आपल्या सवडीने पाठ उघडतो. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याला दुसरा प्रकार सोयीचा, हे उघड आहे. पण ‘सवडीने’ म्हणजे कोणाच्या सवडीने? रात्रपाळी करून सकाळी भोसरीच्या किंवा खराबवाडीच्या खोलीवर परतलेल्या कामगाराने स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःचा डेटा खर्चून, झोपेच्या वेळेत पाठ पाहावयाचा असेल, तर ती सवड त्याची नव्हे, मालकाची आहे. शिक्षणाचा तास हा कामाचा तास धरावयाचा की नाही, हा मजुरीचा प्रश्न एका तांत्रिक शब्दाच्या आड सहज दडून जातो.

‘मूक’ या शब्दाची गंमत आणखी निराळी. सर्वांना खुल्या असलेल्या प्रचंड ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या इंग्रजी नावाचे हे आद्याक्षरी रूप २००८ साली प्रचारात आले. मराठी वाचकाला मात्र त्यातून न बोलणारा विद्यार्थीच डोळ्यांपुढे येतो. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या व्यवस्थेत अभ्यासक्रमाचे चार भाग मानले आहेत: चित्रफीत, वाचनसामग्री, चर्चा आणि मूल्यमापन. यांपैकी चर्चेला स्वतंत्र स्थान दिले आहे, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. विद्यार्थ्याला शंका विचारता आली पाहिजे आणि तिचे उत्तर देणारा माणूस पलीकडे असला पाहिजे, ही त्यामागची कल्पना. प्रशिक्षण घाईने उरकताना पहिली कात्री लागते ती याच भागाला. मग उरते ती चित्रफीत, आणि विद्यार्थी खरोखरच मूक होतो.

आता ‘पूर्ण’कडे वळू. कारखान्यातील अभ्यासक्रम ज्या संगणकीय व्यवस्थेतून चालविला जातो, तिला ‘लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम’ म्हणतात. कोणी कोणता पाठ उघडला, किती गुण मिळविले, याची खतावणी ती ठेवते. अशा खतावण्या परस्परांशी जुळाव्यात म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने ‘स्कॉर्म’ नावाचे प्रमाण तयार झाले. त्याच्या २००१ सालच्या आवृत्तीत विद्यार्थ्याच्या स्थितीसाठी एकच रकाना होता. ‘पूर्ण’, ‘अपूर्ण’, ‘उत्तीर्ण’, ‘अनुत्तीर्ण’ यांपैकी कोणताही एकच शब्द त्यात बसे. म्हणजे पाठ संपविणारा आणि परीक्षेत उतरणारा यांची गल्लत होण्यास वाव होता. २००४च्या आवृत्तीत ही चूक सुधारून दोन रकाने करण्यात आले: पाठ संपला की नाही याचा एक, आणि विद्यार्थी उतरला की नाही याचा दुसरा. संगणकाच्या जाणकारांना जो भेद तेव्हाच उमगला, तो आपल्याकडील दाखल्यांवर मात्र अद्याप सर्रास उमटलेला दिसत नाही.

याहीपुढचा भेद त्याहून जुना आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्याला ते आवडले काय, त्याला ते समजले काय, कामावर त्याचे वर्तन बदलले काय, आणि त्यातून अंतिम फळ काय मिळाले? प्रेस मशीनपुरते बोलावयाचे तर अडकलेला पत्रा हाताने न काढता यंत्र बंद करून काढावा, हे वाक्य प्रश्नपत्रिकेत ओळखणे ही दुसरी पायरी झाली. उत्पादनाचा आकडा गाठण्याची घाई असताना, सुपरवायझर मागे उभा असताना तसे वागणे ही तिसरी. पडद्यावरची चाचणी दुसऱ्या पायरीपर्यंत जाऊ शकते. तिसरीसाठी कोणीतरी यंत्राजवळ उभे राहून पाहावे लागते, आणि यंत्र बंद केल्याबद्दल कामगाराला बोल लावला जाणार नाही, अशी हमी द्यावी लागते.

हे नव्याने शोधून काढण्याची गरज नाही. १९४८च्या कारखाना कायद्यात किशोरवयीन कामगाराला धोकादायक यंत्रावर ठेवण्यापूर्वी पुरेसे प्रशिक्षण किंवा जाणत्या माणसाची देखरेख आवश्यक मानली होती. १९८७च्या दुरुस्तीने सुरक्षिततेचे प्रशिक्षण मिळविणे हा कामगाराचा हक्क ठरविला. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला असला, तरी त्यातील ‘पुरेसे’ हा शब्द विसरण्याजोगा नाही. चित्रफीत संपली म्हणजे प्रशिक्षण पुरेसे झाले, असा त्याचा अर्थ कोणताही समंजस माणूस लावणार नाही.

येथे भाषेचा प्रश्न येतो. निगडीच्या पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाला २०२१ साली संगणक अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम मराठीतून शिकविण्याची परवानगी मिळाली. याच पट्ट्यात अभियंत्यासाठी जे शक्य मानले गेले, ते यंत्रावरच्या कामगारासाठी अशक्य म्हणता येणार नाही. प्रत्येक इंग्रजी शब्दाला संस्कृत प्रतिशब्द शोधण्याचा अट्टहास मात्र नको. ‘मॉड्यूल’, ‘क्विझ’, ‘लॉगिन’ हे शब्द कामगारांच्या तोंडी रुळले आहेत आणि त्यांनी कोणाचे नुकसान होत नाही. ज्या शब्दांवर हक्क आणि जबाबदारी अवलंबून आहे, ते मात्र शिकणाऱ्याला त्याच्या भाषेत कळलेच पाहिजेत. परप्रांतीय कामगाराच्या बाबतीत ती भाषा हिंदी असेल, हेही मोकळेपणाने मान्य करावयास हवे.

तेव्हा दाखल्यावर एका ‘पूर्ण’ऐवजी तीन स्वतंत्र नोंदी असाव्यात: ‘पाठ पाहिला’, ‘चाचणीत उतरला’ आणि ‘प्रत्यक्ष काम करून दाखविले’. तिसऱ्या नोंदीखाली ते काम पाहणाऱ्या व्यक्तीची सही असावी. शिक्षणाचा वेळ पाळीत धरला जावा. मोठ्या कंपन्या सुटे भाग घेताना मालाचा दर्जा मायक्रॉनपर्यंत मोजून घेतात. तोच माल बनविणाऱ्याच्या शिक्षणाचीही या तीन नोंदींनिशी चौकशी त्यांनी केली, तर लहान कारखानदारही त्याकडे लक्ष देतील. यासाठी नवा कायदा किंवा मोठा खर्च लागणार नाही. मात्र तिसऱ्या नोंदीखाली सही करणाऱ्याला उद्या अपघात झाल्यास उत्तर द्यावे लागेल. ‘पूर्ण’ या एका शब्दावर आजवर सर्वांचे भागले, त्याचे कारणही बहुधा हेच असावे.