उमेदवाराने राहावे कोठे?

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस एके दिवशी सकाळी आमच्या दांडिया बाजारातील घरी एक मुलगी आली. खानदेशातील एका तालुक्याच्या गावची, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकणारी. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तिला सहा महिन्यांचे प्रत्यक्ष कामाचे शिक्षण मिळाले होते. आमचा पत्ता तिला ओळखीच्या एका गृहस्थांनी दिला होता. "आजोबा, एखादी खोली असली तर सांगा. वसतिगृह तिकडे राहिलं आणि काम इकडे मिळालं," असे ती म्हणाली. आमच्याच गल्लीतील एका घरमालकांनी तिला फोनवर होकार दिला होता. ती समोर उभी राहिल्यावर त्यांनी आडनाव विचारले, आणि खोली कालच गेल्याचे सांगितले. मी तिला चहा दिला आणि चौकशी करतो म्हणालो. पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. ज्या व्यवस्थेमुळे ही मुलगी बडोद्यास आली, तिचा विचार आधी करू.

विद्यार्थ्याने पुस्तकाबाहेर पडून कामाच्या ठिकाणी शिकावे, या कल्पनेला आपल्या भाषेत दोन चांगले शब्द आहेत. एक उमेदवारी. निवडणुकांनी हा शब्द आता आपल्याकडे घेतला असला, तरी पूर्वी कचेरीत नेमणूक होण्याआधी तरुण माणूस बिनपगारी काम करी, दफ्तर हाताळावयास शिके, त्याला उमेदवारी करणे म्हणत. आपल्यापैकी कित्येकांच्या पणजोबांनी गायकवाडी कचेऱ्यांत अशीच उमेदवारी केली असेल. दुसरा शब्द आंतरवासिता. वैद्यकीच्या आणि अध्यापनाच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो. गुरूच्या सान्निध्यात राहून शिकणाऱ्या शिष्यास अंतेवासी म्हणत, त्या शब्दाचा हा भाऊबंद. एका शब्दात उमेद आहे, दुसऱ्यात वास आहे. गेल्या काही वर्षांत सरकारने आणि विद्यापीठांनी पहिल्या शब्दाकडे पुष्कळ लक्ष दिले. दुसऱ्याकडे मात्र दुर्लक्षच झाले, असे माझे मत आहे.

लक्ष दिले म्हणजे काय काय झाले, ते पाहावे. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आरंभी तो मुख्यतः कारागिरांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते त्याच्या कक्षेत आले. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले, आणि विद्यावेतनाची किमान रक्कम शिक्षणाप्रमाणे पाच हजारांपासून नऊ हजारांपर्यंत ठरली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला पदवीशिक्षणाचाच भाग मानले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा काढला, त्यात अशा अनुभवासाठी दोन ते चार श्रेयांक राखले. तीस तासांस एक श्रेयांक धरला, तर चार श्रेयांकांसाठी एकशेवीस तास काम करावे लागते.

त्यानंतर २०२४ साल आले. जुलैच्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने पाच वर्षांत एक कोटी तरुणांना देशातील पाचशे मोठ्या कंपन्यांत वर्षभराचा अनुभव देण्याची योजना जाहीर केली. महिन्यास पाच हजार रुपये, त्यांपैकी साडेचार हजार सरकारचे आणि पाचशे कंपनीचे. शिवाय एकदाच सहा हजार. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तीत बारावी झालेल्यास सहा, पदविकाधारकास आठ आणि पदवीधरास दहा हजार रुपये दरमहा, आणि मुदत प्रथम सहा महिने ठेवली होती. सरकारी तिजोरीतून उमेदवारांना एवढे पैसे देण्याची ही तयारी लहान गोष्ट नव्हे.

पण केंद्राच्या योजनेच्या पहिल्या फेरीचे आकडे, जे संसदेत सांगितले गेले, ते जरा शांतपणे वाचावेत. कंपन्यांनी सुमारे सव्वा लाख जागा दाखविल्या. त्यांतून ८२ हजारांहून अधिक बोलावणी गेली. त्यांपैकी सुमारे २८ हजार स्वीकारली गेली. प्रत्यक्ष रुजू झाले ते सुमारे ८,७००. म्हणजे शंभर वेळा "या" म्हटले गेले, तेव्हा दहाअकराच जण उंबऱ्याच्या आत आले. एरवी एका शिपायाच्या जागेस हजारो अर्ज येतात अशा देशात चालून आलेली शंभरातली नव्वद बोलावणी वाया का जावीत?

आजच्या पोरांना कष्ट नकोत, असे उत्तर पुष्कळांच्या ओठांवर असते. मला ते पटत नाही. जी कारणे पुढे आली त्यांत घरापासूनचे अंतर, वर्षभराची मुदत आणि कामाचे स्वरूप ही ठळक होती. अंतर हे कारण नीट उकलले तर त्यात दोन गोष्टी सापडतात : परक्या शहरात राहावयाचे कोठे, आणि पाच हजारांत खोली, जेवण व बसभाडे भागवावयाचे कसे. ज्याचा मामा किंवा आत्या त्या शहरात राहते, त्याला हा प्रश्नच पडत नाही. ज्याचे कोणी नाही, त्याला तो पहिल्याच दिवशी पडतो. म्हणजे संधी कागदोपत्री सर्वांना सारखी असते, पण ती पेलण्याची ऐपत नात्यागोत्यावर ठरते.

जेथे कामातून शिकण्याची पद्धत खरोखर रुजली आहे, तेथे काय आहे तेही पाहिले पाहिजे. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला वर्षभर आंतरवासिता केल्यावाचून पदवी मिळत नाही. तो रुग्णालयातच वावरतो, त्याच्या डोक्यावर ज्येष्ठ डॉक्टर असतो, आणि त्याच्या हातून चूक झाली तर कोणाला तरी जाब द्यावा लागतो. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याचे विद्यार्थी वस्त्यांत, रुग्णालयांत जाऊन काम करतात, आणि त्यांच्यामागे मार्गदर्शक शिक्षक असतो. जागा, शिकविणारा आणि जबाबदारी या तीन गोष्टी असल्या म्हणजे शिक्षण होते. त्या नसल्या म्हणजे फक्त प्रमाणपत्र होते. श्रेयांक सक्तीचे झाल्यापासून पैसे भरून घरबसल्या प्रमाणपत्र देणारी दुकाने निघाली आहेत, हे मुलांना विचारले तर तीच हसत हसत सांगतात. त्यांना दोष देता येत नाही. एकशेवीस तास मागावयाचे, आणि ते कोठे घालवावयाचे हे सांगावयाचे नाही, तर आणखी काय होणार?

कामातून शिकविण्याच्या गोष्टी या शहराला नव्या नाहीत. १८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी येथे कलाभवन काढले आणि ते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्राच्या अध्यापकाच्या हाती दिले. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला हे विषय तेथे हाताने काम करून शिकवीत. शिक्षण इंग्रजीवर अडू नये म्हणून ते देशी भाषेतून देण्याचा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात चित्रकला व छायाचित्रण शिकले, आणि १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. १९०७ साली उभ्या राहिलेल्या अलेम्बिक कारखान्याच्या स्थापनेतही गज्जरांचा हात होता. शिक्षणातून कारखाना उभा राहतो, ही गोष्ट आपण धोरणांच्या कितीतरी आधी पाहिली आहे. याचा अभिमान आपल्या घराघरांत आहे, आणि तो रास्त आहे.

परंतु याच शहराची दुसरी एक गोष्ट आहे. ती अभिमानाने सांगण्यासारखी नाही, म्हणून आपण ती कमी सांगतो. १९१३ साली महाराजांनी एका हुशार तरुणास अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, आणि परत आल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार केला. १९१७ साली तो तरुण कोलंबिया विद्यापीठाची विद्या घेऊन बडोद्यास आला. त्याला महालेखापालाच्या कचेरीत परिवीक्षेवर नेमण्यात आले. आपल्या जुन्या भाषेत सांगावयाचे तर उमेदवारीच. नेमणूक होती, वेतन होते, खुद्द महाराजांची मर्जी होती. नव्हती ती राहावयाची जागा. अस्पृश्य म्हणून कोणी घर देईना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी उतारगृहात तो राहिला. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे बजावून गेली. त्याने दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला. एक म्हणाला, तुला ठेवून घेतले तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. तेव्हा कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, पाच तास बसून डॉ. भीमराव आंबेडकर रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. हा सारा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

ज्या महाराजांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्यांचे हे शहर. हुकूम राजवाड्यातून निघाला, पण खोली द्यावयाची होती ती वाड्यांतून, पोळांतून आणि पेठांतून. त्या वेळी दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, बाबाजीपुऱ्यात आपली घरे होतीच.

म्हणून मला वाटते की, अनुभवाधारित शिक्षणाच्या या नव्या घाईत निवासाचा प्रश्न परिशिष्टात ढकलता कामा नये. विद्यापीठांची वसतिगृहे सुटीत अर्धीअधिक रिकामी असतात. ती परगावच्या उमेदवारांना माफक भाड्याने खुली करावीत. जो कारखाना उमेदवार मागतो, त्याने विद्यावेतनाबरोबर निवासाची सोय किंवा तिचा भत्ता द्यावा. श्रेयांक देण्यापूर्वी महाविद्यालयाने प्रमाणपत्राऐवजी रोजची नोंदवही आणि शिकविणाऱ्याची सही पाहावी. मुलींच्या पालकांना हेही सांगितले पाहिजे की, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी व शिकाऊ उमेदवार यांनाही लागू आहे. आणि आपली मंडळे, ज्यांची सभागृहे वर्षातून दहापाच दिवसच गजबजतात, त्यांनी खोल्या देण्यास तयार असलेल्या घरांची एक यादी तरी ठेवावी. त्या यादीत आडनावाचा रकाना नसावा.

आता त्या मुलीचे. आमच्या माडीवरची खोली मुलगा पुण्यास गेल्यापासून रिकामी आहे. ती मुलगी समोर बसलेली असताना ते माझ्या मनात आले होते. मी तिला म्हणालो, "घरात विचारून सांगतो." दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा ती गावी परतली होती. कारखान्याने तिची जागा दुसऱ्यास दिली.

महिन्याभराने बोलता बोलता ही हकीकत मी आमच्या घरी सांगितली. आमची मंडळी म्हणाली, "तुम्ही मला विचारलंत कधी?"

मी खरोखरच विचारले नव्हते. माझ्या नकाराला पत्नीचे नाव द्यावयाचे, ही युक्ती मला कोणी शिकविली नव्हती. ती आपोआप सुचली. १९१७ साली त्या मित्रालाही ती तशीच सुचली असावी.

खोली आम्ही झाडून घेतली आहे. पंखा दुरुस्त केला, नळाची तोटी बदलली. कारखान्यांच्या नव्या तुकड्या जूनअखेरीस सुरू होतात. त्या मुलीला मी पत्र घातले आहे; तिचे उत्तर अद्याप आलेले नाही.